सेव्ह दाबलं की एकाचे दोन शेतकरी का होतात: इन्सर्ट-अपडेटचा दर हंगामातला घोळ

दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघाले की पुढच्या आठ-दहा दिवसांत मार्केट यार्डातनं मला फोन येणार हे आता ठरलेलंच आहे. "पाव्हणं, ह्यो शेतकरी दोन-दोनदा कसा काय दिसालाय?" पहिल्या वर्षी मी सेव्हचं बटण एकदा दाबल्यावर बंद होईल असं केलं आणि विषय संपला म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या वर्षी परत फोन, तेव्हा हातानंच डबल एन्ट्र्या काढल्या. तिसऱ्या वर्षी मात्र डोकं फिरलं, म्हटलं आता लॉग लावून बसायचंच, काय व्हायचं ते होऊ दे. त्या बसण्यातनं जे निघालं ते इथं लिहून ठेवतोय, कारण नंतर एका फाउंड्रीच्या कामात आणि इचलकरंजीच्या एका मित्राच्या प्रोजेक्टमध्ये पण हाच घोळ वेगवेगळ्या कपड्यात भेटला.

आधी सेटअप सांगतो. एका अडत दुकानाचं हिशेबाचं ॲप आहे, जावातलं स्प्रिंग बूट, कोडमधले ऑब्जेक्ट टेबलात नेणारं हायबरनेट (असल्या लायब्ररीला ओआरएम म्हणतात), खाली मायएसक्यूएल डेटाबेस. शेतकरी गूळ आणतो, तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उतरतात, सौदा होतो, वजन आणि दर लागतो, त्यातनं हमाली, तोलाई असे खर्च वजा जाऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, निघते. ॲप म्हणजे एवढंच. शेतकऱ्याचा आयडी डेटाबेस देतो, ऑटो इन्क्रिमेंट. पट्टीचा नंबर मात्र आपण देतो, कारण दिवाणजींना छापील पुस्तकातल्यासारखाच नंबर पाहिजे होता आणि तोच मी बिनधास्त प्रायमरी की, म्हणजे टेबलातल्या ओळीची मुख्य ओळख, करून टाकला होता. हे लक्षात ठेवा, पुढं हेच अंगाशी आलंय.

तक्रारी तीन प्रकारच्या होत्या. एक, शेतकरी दोनदा. दोन, मधूनच मायएसक्यूएलचा एरर येतो, डुप्लिकेट एन्ट्री, नंबर १०६२. आणि तिसरी तक्रार अशी की काल काढलेली पट्टी आज सापडत नाही, त्याच नंबरावर भलत्याच शेतकऱ्याचा गूळ दिसतोय. पहिल्या दोन दिसतात तरी, तिसरी कुणाला कळतच नाही, ज्याची पट्टी गायब झाली तो शेतकरी पैसे न्यायला आला की मगच बोंब होते.

मुळात गैरसमज कुठं होतो

आपल्याला वाटतं की सेव्ह म्हटलं की ओआरएम टेबलात डोकावतो, एन्ट्री असली तर अपडेट करतो, नसली तर इन्सर्ट. तसं नसतं ओ. बहुतेक ओआरएम टेबलाला विचारतच नाहीत, ते तुमच्या हातातल्या ऑब्जेक्टला विचारतात. दुकानातले दिवाणजी कसे करतात बघा, चिठ्ठीवर खाते नंबर लिहिलेला असला तर ते पान उघडतात, चिठ्ठीवर नंबर नसला तर सरळ कोरं पान काढून नवं खातं. हा माणूस मागच्या हंगामात पण आला होता का, हे वहीची तीनशे पानं चाळून कोण बघत बसणार? ओआरएमचं अगदी हेच आहे, फक्त प्रत्येक ओआरएम चिठ्ठीवर नेमकी कुठली खूण बघतो ते वेगळं.

स्प्रिंग डेटा हा स्प्रिंगचा डेटाबेसशी बोलणारा भाग, त्याच्या सेव्हमध्ये आत दोनच ओळींचं काम आहे. ऑब्जेक्ट नवीन आहे का ते बघायचं, नवीन असला तर पर्सिस्ट (नवी नोंद टाक), नसला तर मर्ज (जुन्या नोंदीत मिसळ). नवीन म्हणजे काय, तर व्हर्जनचं फील्ड, म्हणजे दर बदलाला वाढणारा आकडा, असलं आणि ते प्रिमिटिव्ह (नल, म्हणजे रिकामं, राहू न शकणारा साधा प्रकार) नसलं तर व्हर्जन नल आहे का ते बघतो. व्हर्जनच नसलं तर आयडी नल आहे का. आयडी प्रिमिटिव्ह लाँग असला तर शून्य आहे का. बस्स. डेटाबेसचा ह्या निर्णयाशी काही संबंध नाही. मर्जमध्ये गेल्यावर मग हायबरनेट सिलेक्ट, म्हणजे टेबलात शोधायची क्वेरी, टाकतो, पण तोपर्यंत अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो.

पहिलं काम: लॉग लावा

अंदाजपंचे कोड बदलू नका, मी दोन वर्षं तेच केलं. हायबरनेटचा एसक्यूएल लॉगर डीबगवर टाका, आणि व्हॅल्यू पण बघायच्या असतील तर व्हर्जन ६ मध्ये ओआरजी डॉट हायबरनेट डॉट ओआरएम डॉट जेडीबीसी डॉट बाइंड हा लॉगर ट्रेसवर. चालू हंगामात प्रॉडक्शनवर ट्रेस लावून विसरू नका, डिस्क भरली की दुसराच फोन येतो.

मग एका सेव्हला कुठल्या क्वेऱ्या पडल्या ते बघायचं. नुसतं इन्सर्ट पडलं म्हणजे ओआरएमच्या मते ऑब्जेक्ट नवा होता. सिलेक्ट आणि मग इन्सर्ट, म्हणजे आयडी भरलेला होता पण टेबलात सापडला नाही. सिलेक्ट आणि मग अपडेट, म्हणजे सापडला आणि वर लिहिला. सिलेक्ट पडून पुढं काहीच नाही, तर घाबरू नका, काही बदललेलंच नाही म्हणून त्यानं अपडेट टाकलं नाही. मी ह्यावर एकदा अर्धा तास घालवलाय, टेस्ट करताना तेच नाव परत सेव्ह करत होतो आणि अपडेट का येईना म्हणून चिडत होतो.

शिरोळचा शेतकरी शिरोलीला गेला

पहिली तक्रार अशी सापडली. सकाळची वेळ, सौदा चालू, पुढं रव्यांची थप्पी, हमालांची आरडाओरड, आणि दुकानातला पोरगा टॅबवर नवीन शेतकरी भरतोय. गाव टाकताना त्यानं शिरोळ निवडलं, सेव्ह केलं. तेवढ्यात शेतकरी म्हणाला, अरं शिरोळ न्हवं, शिरोली, पुलाची. पोरानं त्याच स्क्रीनवर गाव बदललं, परत सेव्ह. झाले दोन शेतकरी, एक शिरोळचा, एक शिरोलीचा, बाकी सगळं तंतोतंत.

म्हणजे बटण बंद करून उपयोग काय, त्यानं चुकून दोनदा दाबलंच नव्हतं, मुद्दाम दोनदा दाबलं होतं आणि बरोबर दाबलं होतं. घोळ असा की पहिल्या सेव्हनंतर सर्व्हरनं नवा आयडी परत पाठवला होता पण स्क्रीननं तो घेतलाच नाही, सेव्ह झालं असा हिरवा संदेश दाखवला आणि उत्तर फेकून दिलं. फॉर्ममधला आयडी नलच राहिला. दुसऱ्यांदा तोच फॉर्म गेला, आयडी नल, म्हणजे नवीन, म्हणजे इन्सर्ट. हायबरनेटची काडीची चूक नाही.

उपाय म्हणजे सेव्हचं उत्तर आलं की त्यातला आयडी फॉर्ममध्ये भरायचा, एवढंच. सर्व्हरच्या आत पण ह्याच जातीची चूक होते. सेव्ह मर्जमध्ये गेला तर तो तुम्ही दिलेला ऑब्जेक्ट सांभाळत नाही, त्याची कॉपी करून ती परत देतो. तुम्ही परत आलेला ऑब्जेक्ट न घेता जुन्याच ऑब्जेक्टवर पुढचं काम करत राहिलात तर ते बदल हवेत जातात, आणि तो जुना परत सेव्हला दिला की काय होईल सांगता येत नाही. सेव्हनं जे परत दिलं तेच हातात धरायचं, जुनं सोडून द्यायचं.

खरोखरचा डबल टॅप पण असतोच, गोडाऊनच्या आत नेट रडतंय, पोरगा तीनदा दाबतो. त्यासाठी फॉर्म उघडतानाच टॅबवर एक यूयूआयडी, म्हणजे परत तोच न येणारा लांबलचक आयडी, बनवतो आणि टेबलात त्याला युनिक कॉलम ठेवलाय. तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर १०६२ येतो, तो पकडून पहिलीच एन्ट्री परत देतो. पकडायचं मात्र ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा कामाचा गठ्ठा) बाहेर, एरर आल्यावर तेच हायबरनेट सेशन पुढं वापरायचं नसतं. पोस्टग्रेस ह्या दुसऱ्या डेटाबेसवर तर ट्रान्झॅक्शन रोलबॅक केल्याशिवाय पुढची एकही क्वेरी तो घेत नाही.

शून्याची गंमत

ही मागच्या अपग्रेडची. स्प्रिंग बूट ३.४ केलं, त्याच्याबरोबर हायबरनेट ६.६ आलं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन व्यापारी सेव्हच होईना. एरर काय, तर रो वॉज अपडेटेड ऑर डिलीटेड बाय अनदर ट्रान्झॅक्शन. अरे बाबा, नवीन व्यापारी आहे, त्याला दुसरं कोण कशाला डिलीट करेल?

त्या वाक्याची शेपूट कुणी वाचत नाही. पुढं लिहिलेलं असतं, ऑर अनसेव्ह्ड व्हॅल्यू मॅपिंग वॉज इनकरेक्ट. खरा मुद्दा शेपटीत होता. व्यापाऱ्याच्या स्क्रीनवर कुणीतरी, म्हणजे मीच, नवीन एन्ट्रीला आयडी शून्य पाठवत होतो. एंटिटीत (टेबलाच्या ओळीसाठीचा जावा क्लास) आयडी मोठा लाँग, नल ठेवता येणारा, म्हणजे नल म्हणजे नवीन, पण शून्य म्हणजे नल नव्हे. म्हणून तो मर्जमध्ये जायचा, आयडी शून्यला सिलेक्ट पडायचं, काही सापडायचं नाही आणि जुना हायबरनेट मुकाट इन्सर्ट करून टाकायचा. इतकी वर्षं चूक असून चालत होतं. ६.६ पासून त्यांनी नियम कडक केला. आयडी आपोआप बनणारा असेल किंवा व्हर्जन असेल, आणि अशा भरलेल्या आयडीची एन्ट्री टेबलात नसेल, तर ती कुणीतरी काढून टाकलेली आहे असं धरून एरर देतो. मला हे पटतं, आधीचा चांगुलपणाच जास्त घातक होता.

उपाय, शून्य पाठवायचं बंद, नल पाठवा किंवा फील्डच पाठवू नका. डीटीओमध्ये, म्हणजे स्क्रीनकडनं येणारा डेटा ठेवायच्या क्लासमध्ये, छोटा (प्रिमिटिव्ह) लाँग असला तर तो मोठा करा, कारण छोट्याला नल माहीतच नाही, काही नाही आलं तर तो शून्यच धरतो.

गायब पट्टी, आणि मर्ज नावाचा मर्ज

आता खरं दुखणं. पट्टीचा नंबर हाच प्रायमरी की, आणि तो सेव्हच्या आधीच भरलेला. मग स्प्रिंग डेटा काय म्हणणार? आयडी नल नाही, म्हणजे जुनी आहे, मर्ज. म्हणजे प्रत्येक नव्या पट्टीला आधी एक फुकटचं सिलेक्ट पडत होतं. ते चाललं असतं, चार-पाचशे पट्ट्यांना काय फरक पडतोय. पण बघा पुढं काय होतं.

दुकानात काउंटर दोन. स्क्रीन उघडली की शेवटचा नंबर अधिक एक असा नंबर मिळायचा. ह्या काउंटरवर ४१७ मिळाला, तो अजून रवे मोजतोय, तोवर त्या काउंटरवर पण स्क्रीन उघडली, तिथं पण ४१७. पहिल्यानं सेव्ह केलं, सिलेक्ट पडलं, काही नाही, इन्सर्ट. पाच मिनिटांनी दुसऱ्यानं सेव्ह केलं, सिलेक्ट पडलं, ४१७ सापडली, अपडेट. शेतकरी बदलला, वजन बदललं, दर बदलला, आणि वजनाच्या ओळींवर ऑर्फन रिमूव्हल, म्हणजे पट्टीपासून सुटलेली ओळ आपोआप पुसणं, लावलेलं असल्यानं पहिल्याच्या ओळी पण पुसल्या गेल्या. एरर नाही, वॉर्निंग नाही, हिरवा संदेश दोघांना पण दिसला.

आणि गंमत म्हणजे दोघांनी नेमकं एकाच क्षणी सेव्ह केलं असतं तर दोघांच्या सिलेक्टला काही सापडलं नसतं, दोघं इन्सर्टला गेले असते, आणि दुसऱ्याला १०६२ बसला असता. म्हणजे ती दुसरी तक्रार, डुप्लिकेट एन्ट्रीची, आणि ही तिसरी, एकाच आजाराची दोन रूपं. ज्या दिवशी एरर येत होता त्या दिवशी आपण वाचत होतो. मालकांना हे समजावताना मला घाम फुटला, "म्हंजी एरर आला की बरं, न्हाई आला की वाईट?" हो मालक, तसंच.

ह्यावर दोन रस्ते. सरळ रस्ता म्हणजे प्रायमरी की डेटाबेसला देऊ द्या आणि पट्टी नंबर वेगळ्या कॉलमात युनिक करून ठेवा. आजपासून नवीन सुरू करणाऱ्यांनी हेच करावं, छापील नंबराला प्रायमरी की करायचा मोह टाळावा. माझ्याकडं तीन वर्षांचा डेटा आणि पाच टेबलांच्या फॉरेन की त्या नंबरला बांधलेल्या, म्हणून मी दुसरा रस्ता घेतला. एंटिटीला स्प्रिंग डेटाचा पर्सिस्टेबल इंटरफेस लावला आणि नवीन आहे का ह्याचं उत्तर आपण द्यायचं ठरवलं. एक बूलियन (खरं किंवा खोटं) ठेवायचा, सुरुवातीला खरा, टेबलात न जाणारा, आणि पोस्ट लोड (टेबलातनं आल्यावर) व पोस्ट पर्सिस्ट (टेबलात गेल्यावर) ह्या दोन ठिकाणी तो खोटा करायचा. मग नवी पट्टी सरळ पर्सिस्टला जाते, फुकटचं सिलेक्ट पडत नाही, आणि नंबर आधीच घेतलेला असला तर १०६२ येऊन जागच्या जागी थांबते. तो पकडून पुढचा नंबर घ्यायचा आणि नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये परत करायचं.

ह्यात पण दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडलोय. एक बारका, इझ न्यू ही मेथड दिसली की जॅक्सन ही लायब्ररी स्क्रीनला जाणाऱ्या जेसन डेटामध्ये न्यू नावाचं फील्ड घालते, त्यावर जेसन इग्नोर लावा नाहीतर स्क्रीनवाले विचारतात हे कुठनं आलं. दुसरा मोठा. जुनी पट्टी दुरुस्त करायला फॉर्ममधनं आलेल्या जेसनचाच ऑब्जेक्ट बनवून सेव्हला दिला तर तो लोड झालेला नसतो, बूलियन खराच राहतो, पर्सिस्ट, १०६२. म्हणून दुरुस्ती करताना आधी फाइंड बाय आयडीनं पट्टी काढायची, तिच्यावर जे बदललंय तेवढंच लावायचं, ट्रान्झॅक्शन संपली की हायबरनेट स्वतः अपडेट टाकतो, सेव्ह म्हणायची पण गरज नाही. हे एरवी पण चांगलं, कारण फॉर्ममधला ऑब्जेक्ट मर्ज केला की फॉर्मवर नसलेली सगळी फील्ड नल होऊन टेबलात जातात. आमच्या एका पट्टीची तोलाई अशीच उडाली होती.

व्हर्जन लावलं आणि अजून बिघडलं

कुणीतरी सांगितलं व्हर्जनचं फील्ड लाव, दोघांनी एकमेकांवर लिहायचं बंद होईल. बरोबरच आहे. पण चालू टेबलात व्हर्जनचा कॉलम टाकला तर जुन्या एन्ट्र्यांत तो नल असतो. आता वर काय सांगितलं होतं, पर्सिस्टेबल लावलेलं नसलं तर व्हर्जन असलं की आधी व्हर्जन बघतो, नल म्हणजे नवीन. म्हणजे मागच्या हंगामातली पट्टी दुरुस्त करायला गेलात तर ती ओआरएमच्या लेखी नवी कोरी, आणि सरळ इन्सर्टवर १०६२. फॉर्मनं व्हर्जन परत पाठवलं नाही तरी हेच. कॉलम टाकतानाच जुन्या सगळ्यांना शून्य भरा आणि नल चालणार नाही असा कॉलम करा. इथं शून्य चालतं, आयडीला चालत नव्हतं. डोकं गरगरतं खरं, पण दोन्हीकडं प्रश्न एकच, नल आहे का.

दुसरं काही वापरत असाल तर

पायथॉनमधल्या जँगोवाल्यांचं वेगळं. तिथं प्रायमरी की भरलेली असली तर सेव्ह आधी अपडेट टाकतो, एकही ओळ लागली नाही की मग इन्सर्ट. १.६ च्या आधी तो सिलेक्ट करून बघायचा, तशी जुनी वागणूक पाहिजे असली तर सिलेक्ट ऑन सेव्ह नावाचा ऑप्शन अजून आहे. अपडेट झालं तरी शून्य ओळी सांगणारा एखादा ट्रिगर टेबलावर असला तर तो कामाला येतो. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत हीट लॉगचं, म्हणजे भट्टीच्या दर खेपेच्या नोंदीचं, काम होतं, भट्टीजवळ नेट नाही, टॅबवर यूयूआयडी बनवून नंतर सिंक. तिथला घोळ असा की सिंकच्या कोडमध्ये आयडी आणि तापमान एवढंच घालून नवा ऑब्जेक्ट बनवायचा आणि सेव्ह. अपडेट लागायचं, पण सगळ्या कॉलमांचं, म्हणजे ग्रेड, ऑपरेटर, शेरा सगळं डीफॉल्टवर. एन्ट्री आहे पण आतनं पोकळ. अपडेट फील्ड्स देऊन सेव्ह केलं की तेवढेच कॉलम जातात आणि इन्सर्ट कधीच होत नाही, आणि नवीनच आहे अशी खात्री असली तर फोर्स इन्सर्ट खरं द्यायचं. ३.० पासून प्रायमरी कीला मॉडेलमध्ये डीफॉल्ट दिलेला असला तर नव्या ऑब्जेक्टला जँगो सरळ इन्सर्ट करतो, टॅबनं बनवून आणलेला आयडी तुम्ही स्वतः भरला तरी; डीफॉल्टच नसला तर मात्र अपडेट आधी.

पीएचपीच्या लारावेल आणि रुबीच्या रेल्समध्ये तर आयडीकडं बघतच नाहीत. लारावेलमध्ये मॉडेलवर एक्झिस्ट्स नावाची खूण असते, रेल्समध्ये न्यू रेकॉर्ड. डेटाबेसमधनं आणला तर जुना, न्यू करून बनवला तर नवा. त्यामुळं न्यू करून आयडी ५ भरला आणि सेव्ह केला की अपडेट होईल असं वाटतं, ते इन्सर्टच होतं आणि आयडी ५ आधीच असला तर १०६२. पायथॉनच्या एसक्यूएल अल्केमीत पण ॲड केलं तर हेच, मर्ज केलं तर ते शोधून बघतं.

इचलकरंजीच्या मित्राचं यंत्रमागाचं डॉटनेट प्रोजेक्ट. बीमच्या, म्हणजे ताण्याच्या सुताच्या रुळांच्या, यादीत त्यानं नवीन नोंद टाकली, ग्विड (डॉटनेटमधला यूयूआयडीच) स्वतः बनवून. डॉटनेटचा ओआरएम ईएफ कोअर म्हणतो, अपेक्षा होती एका ओळीवर परिणाम होईल, झाला शून्यावर. ह्याचं कारण ३.० मधला बदल. आधीपासून ट्रॅक होत असलेल्या पालकाच्या यादीत एखादी नवी नोंद सापडली आणि तिची की जनरेट होणारी असूनही भरलेली असली, तर तो ती जुनी धरून अपडेट टाकतो. मॉडेलमध्ये व्हॅल्यू जनरेटेड नेव्हर सांगा, की तुम्हीच देताय हे त्याला कळतं, किंवा ती नोंद ॲडनं स्पष्ट टाका. त्याला फोनवर हे पाच मिनिटांत सांगितलं, तो आदल्या रात्रीपासून लॉकिंगवर वाचत बसला होता बिचारा.

सगळं डेटाबेसवर सोडायचं असलं तर मायएसक्यूएलचं ऑन डुप्लिकेट की अपडेट आणि पोस्टग्रेस ९.५ पासूनचं ऑन कॉन्फ्लिक्ट आहे, असली तर बदल, नसली तर टाक हे डेटाबेसच ठरवतो. मायएसक्यूएलमध्ये नवी ओळ पडली तर १ येतो, जुनी बदलली तर २, काहीच बदललं नाही तर ० असा हिशेब डीफॉल्टनं असतो, दोन बघून दोन एन्ट्र्या पडल्या असं समजू नका. रिप्लेस मात्र वापरू नका, तो जुनी ओळ पुसून नवी टाकतो, फॉरेन की कॅस्केड असल्या तर पट्टीबरोबर बाकीचं पण जातं.

पोस्टग्रेसवाल्यांना अजून एक. जुना डेटा आयडीसकट इम्पोर्ट केला की सीक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा आकडा, तिथंच राहतो, मग ॲपमधनं इन्सर्ट जातं आणि २३५०५ (पोस्टग्रेसचा डुप्लिकेटचा एरर) येतो, दोनदा-तीनदा दाबलं की एखादा मोकळा आयडी सापडून जातं. ह्यात ओआरएमचा काही दोष नाही, सेटव्हॅलनं सीक्वेन्स पुढं घ्या.

आता जे दोन झालेत त्यांचं काय

शेतकऱ्याच्या टेबलावर युनिक लावायला गेलो तिथं दोन दिवस गेले. मोबाइल नंबर युनिक करावा म्हटलं तर बाप आणि दोन पोरांची खाती, नंबर एकच, धाकट्या पोराचा, कारण तोच उचलतो. नाव आणि गाव म्हटलं तर एका गावात त्याच नावाचे तीन पाटील. त्यात वडिलांचं नाव जोडलं तर निम्म्यांचं भरलेलंच नाही, आणि मायएसक्यूएलच्या युनिक इंडेक्सला नल कितीही चालतात, म्हणजे जिथं गरज आहे तिथंच कुंपण नाही. शेवटी दिवाणजींच्या वहीतला खाते नंबरच घेतला, तो कॉलम सक्तीचा केला आणि त्यावर युनिक.

जुन्या जोड्यांसाठी नाव, गाव आणि मोबाइल सारखा असलेल्यांची यादी काढली. एकत्र करताना आधी दुसऱ्या आयडीच्या सगळ्या पट्ट्या आणि उचल पहिल्या आयडीवर फिरवायची, बाकी जुळली का बघायची, मग दुसरी एन्ट्री निष्क्रिय करायची, डिलीट नाही. आणि हे हंगाम चालू असताना करायचं नाही. यादीची प्रिंट घेऊन दिवाणजींच्या पुढं बसलो, ते एकेका जोडीवर पेन्सिलनं बरोबरची खूण करत गेले. एका जोडीवर थांबले. नाव तेच, गाव तेच, मोबाइल तोच, आयडी लागोपाठचे, मी म्हटलं हे तर शंभर टक्के डबल टॅप.

"न्हाई ओ," दिवाणजी म्हणाले, "ही दोघं चुलत भाऊ हायत, एकाच ट्रॅक्टरनं गूळ घेऊन येत्यात. ह्यास्नी एक करू नगा, मारामाऱ्या हुतील."